कॅरव्हॅनमागची ट्रॉली

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत घरोघरचे कचऱ्याचे डबे बाहेर यायचे. कौन्सिलने दिलेले, चाकांचे, कमरेइतके उंच. बाकीचे लोक एक डबा ढकलत आणायचे, परत जाऊन दुसरा आणायचे. आमचे घरमालक मात्र दोन्ही डबे दोरीने एकामागे एक बांधायचे आणि पुढच्याचं हँडल धरून गेटातून थाटात वळण घेत बाहेर पडायचे. मागचा डबा गेटाला आपटायचा. दर सोमवारी आपटायचा. आणि दर सोमवारी ते म्हणायचे, "वळण जरा मोठं घ्याया पायजे हुतं." मी वरच्या खिडकीतून ऑफिसची तयारी करता करता हा तमाशा बघायची आणि मनात म्हणायची, बाप्पा, कुठे येऊन पडलो आपण!

मी नागपूरची. वर्क व्हिजावर नवीनच लंडनजवळच्या स्लाऊला आले होते, दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. ऑफिसातल्या एका मुलीने या घराचा पत्ता दिला आणि एवढंच सांगितलं, "खोली लहान आहे, काकू चांगल्या आहेत, काकांकडे दुर्लक्ष कर." काकांकडे दुर्लक्ष करायचं म्हणजे घरात बैल शिरला असताना पेपर वाचत बसायचं. मला ते एक दिवसही जमलं नाही. आज त्यांची आठवण आली की आधी हसू येतं, आणि लगेच इतकं वाईट वाटतं की हसल्याची लाज वाटते.

नाव विचारायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. भाडेकरू ज्या गावचा, ते त्याचं नाव. माझ्या आधी त्या खोलीत कोइमतूर राहून गेला होता. मी नागपूर झाले. "काय नागपूर, जेवलीस का? काय नागपूर, आज लौकर?" माझ्या आईचा फोन आला तरी जिन्याखालून ओरडायचे, "नागपूर, नागपूरचा फोन हाय!"

ते स्वतः सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातले. तरुणपणी साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवलेला, मग डिप्लोमा, मग इकडे येऊन ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीतल्या, एका फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात सगळी नोकरी. मी गेले तेव्हा रिटायर होऊन त्यांना बराच काळ झाला होता. पण डोक्यातला ऊस काही उतरला नव्हता. त्यांच्या गावाकडे ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडतात, एकीला दुसरी, आणि ती वरात रस्ताभर डुलत कारखान्यावर जाते. "एकच ट्रॉली घिऊन गेलं तर पोरं इचारत्यात, दुसरी बाळंतपनाला म्हायेरी गेली व्हय रं?" ते सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. एकामागे दुसरं जोडलेलं नसेल तर त्यांना ती वस्तू अर्धवटच वाटायची. सुपरमार्केटात ते दोन ट्रॉल्या अडकवून फिरायचे. गवत कापायच्या यंत्रामागे ढकलगाडी बांधायचे. काकूंनी मला एकदा सांगितलं, "लग्नानंतर पहिल्यांदा हाय स्ट्रीटवर फिरायला गेलो, तर मला म्हणतात कसे, तू माझ्या मागं मागं ये. मी म्हटलं, आय अ‍ॅम नॉट अ ट्रेलर, लव्ह."

काकू मिरजेच्या. नर्स म्हणून आलेल्या, इथल्याच हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या. बोलणं शुद्ध, त्यात इंग्रजी नर्सचा दरारा. "राइट, शूज बाहेर." "नाउ देन, ताप किती आहे बघू." काकांना साऱ्या जगात भीती वाटायची ती दोनच माणसांची, आणि त्यातल्या एक या.

दारात एक लहान कॅरव्हॅन उभी असायची. दोन माणसं झोपतील एवढीच. गाडीमागे ओढून न्यायचं ते चाकांवरचं घर. आत एक शेगडी, एक बेसिन, बाक उलगडला की पलंग. घर काकांचं असेल, पण कॅरव्हॅन काकूंची. पडदे त्यांनी शिवलेले, मसाल्याच्या बाटल्या त्यांच्या हिशोबाने लावलेल्या. दर उन्हाळ्यात दोघं ती घेऊन वेल्सच्या किनाऱ्यावर जायचे आणि काळे होऊन परत यायचे. मूलबाळ नव्हतं. ती कॅरव्हॅनच त्यांचं माहेर-सासर सगळं होती.

काकांना गाडी पुढे चालवण्यात रस नव्हता. "फुडं जायाला कुनालाबी येतंय. मानूस कळतो रिव्हर्समधी." रविवारी ट्रेडिंग इस्टेटमधली गोदामं बंद असायची. तिथल्या मोकळ्या पार्किंगमध्ये ते कॅरव्हॅन घेऊन जायचे आणि मागे मागे चालवत दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये घालायचे. मला मागे उभं करायचे. मी हात हलवायची, "डावीकडे! डावीकडे! काहून उजवीकडे चाललात तुम्ही?" ते खिडकीतून ओरडायचे, "अगं, ती डावीकडं जावी म्हनून मी उजवीकडं वळवतोय! कुनी इंजिनियर केली गं तुला?" आणि खरंच, कॅरव्हॅन लोण्यासारखी जागेत जाऊन बसायची. मग चेहऱ्यावर असं तेज यायचं की मला टाळ्या वाजवाव्याच लागायच्या.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आक्का आल्या.

आक्का म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण, आणि त्यांना भीती वाटायची ते दुसरं माणूस. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच काकांना वाढवलं. कडेवर घेऊन शेतात नेलं, मारून मारून शाळेत बसवलं, डिप्लोमाला पाठवलं, आणि शेवटी विलायतेला जायला "जा" म्हणाल्या त्याही त्याच. भाऊ इकडे आल्यावर त्यांनी शेजारच्या गावातली एक मुलगी पसंत केली, शब्द दिला, गावात साखर वाटली. आणि इकडे साहेबांनी मिरजेच्या नर्सशी रजिस्टर लग्न उरकलं! आक्कांना कळवलं ते लग्न झाल्यावर. दिलेला शब्द मोडला म्हणून आक्कांनी त्या मुलीच्या बापापुढे पदर पसरला. हे सगळं मला आक्कांनीच सांगितलं, मटार सोलता सोलता. शेवटी म्हणाल्या, "राग पोरावर न्हवता गं. पर तो म्होरं आलाच न्हाई. एकदा येऊन चुकलं म्हनाया पायजे हुतं का न्हाई?"

काका गावी जायचे. दर दोन-तीन वर्षांनी जायचे, साड्या न्यायचे, घड्याळं न्यायचे, घराला पत्रे घालून दिले. चुकलं हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. काकू एकदाच बरोबर गेल्या होत्या, तेव्हा आक्का त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. काकूंनीही मग ठरवलं, फाइन. तेव्हापासून दोघींचा अबोला, तो सगळ्यांचे केस पांढरे झाले तरी चालूच. आता आक्कांचे गुडघे गेले होते. हा पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास, असं त्यांनी येतानाच सांगून टाकलेलं. सहा महिन्यांचा व्हिजा होता.

त्या घरात तेव्हा जेवायला बसणं म्हणजे करमणूक होती. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघी अत्यंत सभ्य. फक्त बोलायचं ते काकांमार्फत. "बाळ, तिला सांग, आमटी झ्याक झालीया." काका मान वळवून म्हणायचे, "आमटी झ्याक झालीया म्हनतीया." काकू म्हणायच्या, "थँक यू म्हणावं. अजून वाढू का विचारा." टेबल केवढं, तर हात लांबवला तर एकमेकींच्या ताटाला लागेल एवढं. काका घरी नसले की ही ड्यूटी माझ्याकडे. मी एकदा वैतागून म्हटलं, "मी कॉल सेंटरमध्ये नाही हो काम करत!" दोघी हसल्या. एकाच वेळी हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या.

आक्कांनी समुद्र पाहिला नव्हता. सगळं आयुष्य घाटावर गेलं. विमानातून दिसला असेल की, मी म्हटलं. "त्यो काय समुद्र? निळं फडकं वाळत घातल्यागत दिसतंय." त्यांना पाण्यात पाय घालायचा होता. बस्स, एवढीच त्या बाईची मागणी. लंडन बघायचं नव्हतं, राणीचा वाडा बघायचा नव्हता.

काकांनी ही गोष्ट धरून ठेवली. आक्काला समुद्र दाखवायचा, आणि दोघींना घेऊन जाऊन दाखवायचा. एकीला सोडून नाही. त्यांनी मला अगदी रंगवून सांगितलं, "किनाऱ्यावर मी मधी, आन् ह्या दोघी दोन बाजूला. मग बघू कशा बोलत न्हाईत." काकू भांडी पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "माफी मागता येत नाही ना माणसाला, म्हणून समुद्र दाखवायला निघालेत." हे काकांच्या कानावर गेलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

अडचण अशी की कॅरव्हॅनमध्ये दोघांचीच सोय. आक्का म्हणाल्या, "तिच्या गाडीत म्या निजनार न्हाई." काकू म्हणाल्या, "त्या येऊ देत ना, खुशाल येऊ देत. पण माझ्या कॅरव्हॅनमध्ये जागा कुठाय, ते त्यांना विचारा." माणसाच्या डोक्यात यावर साधे उपाय येतात. किनाऱ्यावर एक खोली घ्यावी. नाहीतर काकांनी गाडीत झोपावं. काकांच्या डोक्यात आलं ते त्यांच्या गावच्या रस्त्यावरून आलं. कॅरव्हॅनमागे दुसरी ट्रॉली!

त्यांनी कुठून तरी एक जुना ट्रेलर टेंट आणला. म्हणजे चाकांवरची एक बसकी पेटी, झाकण उघडलं की आतून तंबू उभा राहतो आणि दोन माणसांची झोपायची जागा होते. ती आक्कांची खोली. मी त्यांच्या सोबतीला जायचं, हेही परस्पर ठरलं. मग सगळा जुलै काका कॅरव्हॅनखाली उताणे. तिच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्या घालून त्यांनी जोडणीचा गोळा बसवला. आम्हाला घरातून नुसते त्यांचे पाय दिसायचे. जेवायला हाक मारली की खालून आवाज यायचा, "आलोच."

शेजारी एक इंग्रज आजोबा होते, लॉरी चालवून रिटायर झालेले. ते कुंपणावरून बघायचे आणि म्हणायचे, "यू कांट टो टू, मेट. नॉट बिहाइंड अ कार." कारमागे एकच ट्रेलर, असा इथला कायदा आहे. काकांना तो माहीत नव्हता असं नाही. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आत येऊन मला म्हणाले, "कायदा काय म्हनतोय? गाडीला एकच ट्रेलर जोडा. मी गाडीला एकच जोडतोय. दुसरा मी गाडीला कुठं जोडतोय? त्यो ट्रेलरला जोडतोय!" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "काका, हे पोलिसाला सांगाल?" तर म्हणाले, "पोलिसाला काय, जज्जाला सांगंन." आणि वर गावाकडची साक्ष काढली, की तिकडे पोरं टोरं दोन ट्रॉल्या ऊस भरून उतार उतरतात, ह्यांच्या एवढ्या गुळगुळीत मोटरवेला काय धाड भरलीय.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, आम्ही वेल्सकडे निघालो. काका गाडी चालवत, शेजारी काकू, मागे मी आणि नऊवारीवर काकूंचा कार्डिगन घातलेल्या आक्का. कार्डिगन काकूंनी माझ्या हातून दिला होता आणि आक्कांनी माझ्या हातून घेतला होता. मागे कॅरव्हॅन, तिच्या मागे ती पेटी. गल्लीच्या वळणाला पेटी फुटपाथवर चढून उतरली. काका म्हणाले, "वळण जरा मोठं घ्याया पायजे हुतं." पण खरं सांगते, मोटरवेवर लागलो तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. काका सगळ्यात डावीकडच्या लेनमधून सावकाश चालले होते, आरशात मागची वरात बघत होते, गुणगुणत होते. मी त्यांना इतकं आनंदी कधी बघितलं नव्हतं. बाजूने जाणाऱ्या गाड्यांतली मुलं आम्हाला हात करत होती. आक्का त्यांना उलट हात करत होत्या.

रेडिंग सोडून बरंच पुढे गेल्यावर मागे निळे दिवे लागले.

पोलिसाने आम्हाला हळूहळू पुढच्या सर्व्हिसेसमध्ये नेलं. मोटरवेवरचा तो थांबा, पेट्रोल, चहा, टॉयलेट, मोठं पार्किंग. पोलीस तरुण होता आणि अतिशय नम्र. "गुड आफ्टरनून, सर. कुठे निघालात?" काकांनी सांगितलं. मग त्याने दोन्ही ट्रेलरांकडे बोट दाखवलं, आणि काकांनी आपला युक्तिवाद केला, गाडीला एक, ट्रेलरला एक. पोलिसाने सगळं ऐकून घेतलं. "नाइस ट्राय, सर," तो म्हणाला. त्याने दंड केला नाही. ताकीद दिली, आणि शांतपणे सांगितलं की मागची पेटी इथून जोडलेल्या अवस्थेत एक यार्डही हलणार नाही. ती इथे ठेवा, थांब्यावाल्यांशी बोला, कॅरव्हॅन घेऊन पुढे जा, परत येताना बघा. हॅव अ लव्हली हॉलिडे.

म्हणजे समुद्र काही कुणी अडवला नव्हता. फक्त मागची ट्रॉली अडवली होती.

काका लाल झाले. अंगातलं जाकीट काढलं, गवतावर टाकलं आणि पेटी सोडवायला कॅरव्हॅनखाली शिरले. बोल्ट गच्च बसला होता. खालून पान्ह्याचे ठोके आणि सांगलीकडच्या शिव्या ऐकू यायला लागल्या. ऊन मस्त होतं. काकूंनी आक्कांना धरून बाहेरच्या लाकडी बाकावर बसवलं. मी चहा आणायला गेले. बँक हॉलिडेची रांग, ही लांब.

चहा घेऊन परत आले, तर बघते काय! दोघी शेजारी शेजारी बसून बोलत होत्या. मध्ये कोणी नाही. "लहानपनापासनं असाच हाय त्यो," आक्का म्हणत होत्या. "बैल सोडाया सांगितला तर आदी गोठा झाडनार." काकू म्हणत होत्या, "मला विचारा, आक्का. घरात बल्ब बदलायचा तर आधी शिडीला चाकं बसवतात." आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंच्या अंगावर पदर नव्हता, पण हात तसाच तोंडाशी गेला होता. मी चहा हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता बोलले तर मोडेल. मग काकूंनीच माझ्या हातातला एक कप घेऊन आक्कांना दिला. थेट दिला. म्हणाल्या, "गरम आहे हां." आणि मला म्हणाल्या, "आम्ही ठरवलंय. आक्का आणि मी कॅरव्हॅनमध्ये. तू मधल्या फटीत. ह्यांना झोपू दे गाडीत."

मी धावतच काकांकडे गेले. "काका, उठा! तुमचं काम झालं! त्या बोलतायत!" त्यांचं डोकं बाहेर आलं, काळंकुट्ट, ग्रीस लागलेलं. त्यांनी बाकाकडे बघितलं. डोळ्यांत एकदम पाणी आलं, खोटं नाही सांगत. मला वाटलं, सुटलो. पण मग त्यांची नजर त्या पेटीकडे गेली, आणि जबडा घट्ट झाला. "असं न्हाय जायाचं," ते म्हणाले. "आक्काला म्या सांगितलंय, तुझी वेगळी खोली. येवढं आयुष्यात पयल्यांदा तिला न्येतोय, आन् ते असं? अर्धं सामान रस्त्यावर टाकून, चोरावानी? नीट न्येनार. पुढच्या आठवड्यात कायदेशीर करून न्येनार."

आम्ही तिघींनी समजावलं. आक्का म्हणाल्या, "आरं बाळ, मला खोली नगं, मला पानी बघायचंय." काकू म्हणाल्या, "आपण जवळजवळ निम्म्या वाटेवर आलोय." मी तर त्यांच्या हाताला धरलं. "चला न काका, पोट्टा पोलीस बिचारा स्वतः जा म्हणाला न!" पण एकदा मनात बसलं की ब्रह्मदेव आला तरी ते हलत नसत. शेवटी पेटी सुटली, नुसती कॅरव्हॅन मागे घेऊन निघालो आणि पुढच्या जंक्शनवरून घराकडे वळलो. आणि गंमत बघा, पेटी थांब्यावरच राहिली होती, म्हणून आम्हाला घरी सोडून ते पुन्हा तेवढंच अंतर एकटे गेले आणि ती घेऊन आले. तेवढ्या पेट्रोलमध्ये समुद्र आला असता. आक्का त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून होत्या, पायात पट्ट्यांच्या चपला तशाच. वाळूत काढायला सोप्या म्हणून काकूंनी मुद्दाम आणलेल्या.

मग सगळा सप्टेंबर. पुढच्या आठवड्यात कॅम्पसाइटवर जागा नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकांना तंबू गाडीच्या टपावर न्यायची युक्ती सुचली, आणि ते टपावर चढून बसले. मग पाऊस. मी म्हटलं, "काका, ब्रायटनला ट्रेन जाते. सकाळी जाऊ, दुपारी पाय भिजवून परत." ते माझ्यावर उखडलेच. "माझ्या आक्कानं पयल्यांदा समुद्र बघायचा त्यो असा? पिशव्या सांभाळत, परतीच्या गाडीकडं डोळा ठेवून?" काकूंनी मग परस्पर ठरवलं, कोचने, म्हणजे लांबच्या बसने, दोघींनीच जाऊन यायचं. तिकिटंसुद्धा बघून आल्या. आक्काच नको म्हणाल्या. "त्यो यवढा राबतोय बाहीर. त्येच्याबिगर गेलो तर त्येच्या जिवाला लागंल गं." घरात आता दोघींचा नुसता चिवचिवाट असायचा. काका बाहेर भिजत टपावर पट्ट्या आवळत असायचे, आणि ह्या दोघी खिडकीतून त्यांच्याकडे बघत थालीपीठ थापायच्या. मला तेव्हा इतका राग यायचा त्यांचा! आणि कीवही.

आक्कांचा गुडघा सुजला. मग व्हिजाची मुदत संपत आली. हीथ्रोला व्हीलचेअरवर बसून त्या आत गेल्या. काका शेवटपर्यंत सांगत होते, "फुडच्या सालाला नक्की, आक्का. तवर सगळं पक्कं करून ठेवतो." आक्कांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "व्हय बाळ."

पुढचं साल काही आलं नाही. थंडीतच आक्का झोपेत गेल्या. मी तोवर नवीन प्रोजेक्टसाठी क्रॉयडनला राहायला गेले होते. काकूंचा फोन आला तेव्हा ट्रॅममध्ये होते, आणि तिथेच, लोकांसमोर, मला रडू फुटलं. काकांना अंत्यदर्शन मिळालं नाही. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ते परत आल्यावर मी स्लाऊला भेटायला गेले. टक्कल केलेले काका कॅरव्हॅनच्या पायरीवर बसले होते. किती लहान दिसत होते! "ये नागपूर," म्हणाले, बस्स. काकूंनी चहा आणून दिला आणि त्याही तिथेच खुर्ची टाकून बसल्या. काकांनी कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "लगीन केलं तवा जायाचं हुतं मी. पाय धरायचे हुते. येवढं सोपं हुतं. मी तिला पत्रे घालून दिले, घड्याळं न्येली... तिला काय करायचं हुतं घड्याळाचं?" खरंच होतं ते.

मग त्यांनी काकूंना विचारलं, "ती कधी बोलली का गं तुझ्याजवळ? समुद्राचं?"

"एकदाच," काकू म्हणाल्या. "त्या सर्व्हिसेसवर. बोलायला सुरुवात झाली ती त्यावरूनच. त्यांनीच आधी तोंड उघडलं. मला म्हणाल्या, 'पानी पायाला लागल्यावर वाळू खालनं सरकतीया म्हनत्यात, खरं का गं?' मी म्हटलं, 'संध्याकाळी बघालच की, आक्का.'"

काकांनी कप पायरीवर ठेवला.

"मला हाक मारायची हुतीस," ते म्हणाले.

"मारली होती," काकू म्हणाल्या. "तुम्ही खालून म्हणालात, थांब जरा, एवढा बोल्ट निघाला की आलोच."